जवानाची भीती

माझी पोरगी पाच वर्षांची असताना भर बाजारात अंग टाकायची. टाचा घासायची, डोकं आपटायची, श्वास कोंडून निळी पडायची. लोक म्हणत, लाडावलीय. साफ खोटं! लाड करायला घरात होतं कोण? पत्रकं वाटली म्हणून निजामाच्या पोलिसांनी तिच्या बापाला उचलून तुरुंगात घातलं होतं. 'बाबा कामाला गेलेत,' असं मी तिला सांगून ठेवलं होतं. सासरचे काय, माहेरचे काय, आमच्या दारावरून जाताना पाय उचलून चालत. पुढची पत्रकं मी एकटीच लिहीत होते, सभांतून वाचून दाखवत होते. त्यातल्या एका वाक्याचा मला फार अभिमान होता : निजामाच्या जवानाला भिऊ नका, पोरांनाही त्याची भीती घालू नका.

एके दिवशी आम्ही दोघी अंबडच्या बाजाराला गेलो. डोक्यावर विकायच्या ज्वारीचं गाठोडं, म्हणून मी सरळ धान्याच्या ओळीकडं वळले. तिचा बाप तिला नेहमी लोहारांच्या पालांवरून न्यायचा, भाता दाखवायला. तिला तीच वाट पाहिजे होती.

"इकडून न्हाई!" ती किंचाळली अन् धुळीत पडली.

मी ओझं उतरवलं. समजावलं. उचलायला गेले तर मनगटाला कडकडून चावली. भोवती कडं झालं.

"एक मुस्काटात द्या बाई, बिलकुल गप होती," कांदेवाला म्हणाला.

"ती कशाला देती?" मिरच्या विकणारी म्हातारी हसली. "सभेत लोकाला अक्कल शिकिवती, अन् पोटची पोर आवरंना!"

सगळे हसले. माझ्या सभेत माना डोलावणारेही त्यात होते. एकानंही पुढं होऊन पोरीच्या डोक्याखाली हात घातला नाही. मला राग आला तो त्यांचा. काढला मात्र पोरीवर.

कडेला पोलिसांचा एक म्हातारा जवान उभा होता. मी पोरीचा दंड धरला आणि तिला ओढत त्याच्यासमोर नेलं.

"घेऊन जा हिला. मला नको."

"ऐसा नक्को बोलो बाई," तो कसानुसा होत म्हणाला. "बच्ची है. डर जाती."

पोरगी एकदम गप झाली. हुंदका अर्ध्यातच राहिला. "बघा, कशी बराबर झाली!" म्हणत लोक खुशीत पांगले.

ज्वारी विकून आम्ही घराकडं निघालो. अर्ध्या वाटेत तिनं विचारलं, "माय, बाबाला बी तूच दिल्तं का?"

म्हणजे बापाला नेलं त्या दिवशी तिनं सगळं पाहिलं होतं. माझी कामाची थाप तिला कधीच पटली नव्हती.

मी तिथंच वाटेत बसले. "न्हाई गं. त्यांनी वढून नेलं त्याला. मी न्हाई दिलं."

तिनं ऐकून घेतलं. खरं मानलं का, ते कळलं नाही. माझा पदर न धरता ती पुढं चालू लागली.

त्यानंतर ती बाजारात एकदाही पडली नाही. मिरच्यावाली म्हातारी मला शाबासकी देऊ लागली. जवानाचं ते वाक्य पत्रकात तसंच राहिलं, पण सभेत ते मी दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावू लागले.

त्यानंतरच्या पहिल्याच बाजारी मी मुद्दाम लोहारांच्या पालांपाशी थांबले. भाता चालू होता.

"इकडून जायचं का गं?"

तिनं भात्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"तू म्हणशील तिकडून," ती म्हणाली.