एका गाईचे दोन बिल्ले

धारूरला किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्रिंबक टेलरचं दुकान होतं. त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात, मध्ये फुलाफुलांचा पडदा लावून, त्याच्या बायकोने, शिवकन्याने, फोटो स्टुडिओ थाटला होता. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बाया पडद्यापलीकडे जाऊन फोटोही काढून घेत. पुरुष फोटोग्राफरसमोर त्या नुसत्या खांबासारख्या उभ्या राहत. शिवकन्यासमोर मात्र हसत.

शिवकन्या ऊसतोड्यांच्या घरातली. लहानपणी वर्षातले सहा महिने तिने साखर कारखान्याच्या आवारातल्या पाचटाच्या कोपीत काढले होते. लग्नानंतर बचत गटातून अंबाजोगाईला दोन महिन्यांचा फोटोग्राफीचा वर्ग केला आणि जुना कॅमेरा घेऊन धंद्याला लागली. पुढच्याच साली तिची आई जानकीबाई वारली. भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर मतदार ओळखपत्रावरचा तेवढा सापडला. त्यातली बाई कुणाचीही आई वाटली असती.

तेव्हापासून दिवाळी झाली की शिवकन्या माहेरच्या ऊसतोड टोळीमागे पंधरा दिवस कारखान्यावर जायची. उसाच्या फडात, कोपीपुढे, मोळी डोक्यावर घेतलेल्या बायांचे फोटो काढायची आणि जिचा तिला नेऊन द्यायची. सासू भिवराबाई शेजारणींना सांगायची, "लोकाच्या सुना उसाला जात्यात पोटासाठी. आमची जाती फोटूसाठी!"

एका वर्षी ती तिकडे असताना मुलीला, गीताला, टायफॉइड झाला. निरोप मिळाल्यावर शिवकन्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. सहा वर्षांची पोर दोन दिवस आजीच्या कुशीत तोंड खुपसून राहिली, आईकडे बघेना. शिवकन्या स्वयंपाकघरात बसून रडली. पुढच्या वर्षी तरीही गेली. त्रिंबक फक्त एवढंच म्हणाला, "ह्या खेपेला फोन चालू ठेव."

दोन हजार तेराचा उन्हाळा आला तेव्हा विहिरींचे तळ दिसत होते. बालाघाटाच्या डोंगरात गवताची काडी नव्हती. तालुक्यातल्या सहकारी दूध संस्थेला चारा छावणी मंजूर झाली. संस्थेचे चेअरमन सुंदरराव, आणि सेक्रेटरी रामकिसन. रामकिसन म्हणजे शिवकन्याचा लहानपणचा सोबती, एकाच टोळीत वाढलेला. त्यानेच तिला काम मिळवून दिलं. सरकार जनावरामागे रोजचे पैसे देणार होतं, म्हणून छावणीतल्या प्रत्येक जनावराचा कानातल्या नंबरच्या बिल्ल्यासकट, मालकासकट फोटो काढायचा.

तीन दिवस ती शेणात आणि कडब्याच्या धुळीत उभी राहून फोटो काढत होती. माणसं ताठ उभी राहत, गाई हलत. बंकट नावाच्या शेतकऱ्याची एक भुरी गाय होती, डावं शिंग मोडलेलं, कपाळावर हाताच्या पंजासारखा पांढरा ठिपका. ती काही केल्या कॅमेऱ्याकडे बघेना. बंकटने तिच्या मानेला मिठीच मारली, तेव्हा फोटो निघाला. बिल्ला एकशे बारा.

दहा दिवसांनी त्याच संस्थेच्या दुसऱ्या छावणीवर बोलावणं आलं. ही छावणी डोंगरापलीकडे होती. सकाळपासून काम चाललं आणि अकराच्या सुमाराला कॅमेऱ्यासमोर भुरी येऊन उभी राहिली. तेच मोडकं शिंग, तोच पंजा. कानात बिल्ला मात्र सदतीस, आणि दोरी धरून कुणी अनोळखी माणूस.

शिवकन्याने कॅमेरा खाली घेतला. "रामकिसन, ही गाय मी काढलेली हाय."

"गाई काय, समद्या सारख्याच दिसत्यात."

"तुला दिसत असतील."

रामकिसनने तिला बाजूला नेलं. "शिवे, डोळेझाक करावी लागती. तू फोटू काढ, बाकीचं राहू दे."

शिवकन्याने पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला. तिने एकूण एक जनावराचा फोटो काढला, दुप्पट काळजीने काढला. परत येताना पहिल्या छावणीच्या फाटकाशी छबुबाई नावाची म्हातारी दोन बैल घेऊन उन्हात बसलेली दिसली.

"आज तिसरा दिस हाय बाई," छबुबाई म्हणाली. "जागा न्हाई म्हंतेत. आत तर लई मोकळं दिसतंय."

आत मोकळंच होतं. छावणीला ठरावीक जनावरांचीच मंजुरी होती आणि तो आकडा कागदावर भरला होता. लस टोचायला नेतो म्हणून इकडची जनावरं ट्रकात घालून तिकडे उभी करायची, तिकडची इकडे. फोटो झाला की परत. एका गाईच्या दोन गाई होत, आणि खरी जनावरं फाटकाबाहेर उपाशी राहत.

घरी शिवकन्याने सगळे फोटो संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी लावून पाहिले. एकसष्ट जनावरं दोन्हीकडे होती. तिने त्रिंबकला दाखवलं. त्याने एकेक जोडी निरखली, मग मशीनवरच्या कापडाच्या ढिगाकडे बघितलं. शाळेच्या गणवेशाचं काम त्याला सुंदररावांच्या शब्दावर मिळत होतं.

भिवराबाई मात्र कडाडली, "चेअरमनाशी वैर घेती? तुझ्या गाई हायेत का त्या? आपल्याला ह्याच गावात राहायचंय!"

"राहायचंय म्हणूनच, आत्याबाई," शिवकन्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रामकिसन घरी आला. पाणीसुद्धा न घेता उंबऱ्यावर बसला. "माझी नोकरी जाईल. दोन लेकरं हायेत मला. पुन्हा कोयता धरायला लावती का?"

"तुझं नाव मी कुठं घेणार न्हाई. पण छबुबाईला काय सांगू? तिचे बैल का म्हून मरू द्यायचे?"

"तू लई मोठी झालीस," एवढंच म्हणून तो उठला.

तिने बीडच्या लॅबमधून मोठ्या प्रिंट काढून आणल्या. बाजाराच्या आदल्या दिवशी ती सुतळी शोधत होती, तर त्रिंबक म्हणाला, "सुतळीला तुटाया येळ लागत न्हाई. माझ्याकडं परकराच्या नाडीचा अख्खा गुंडा हाय." मग दोघांनी दुकानापुढच्या भिंतीला नाड्या बांधल्या.

बाजाराच्या दिवशी सकाळी भिंतीवर एकसष्ट जोड्या लटकत होत्या. वर पहिल्या छावणीतला फोटो, खाली दुसरीतला. शेजारी एक ओळही लिहिलेली नव्हती. आधी लोकांना वाटलं, जनावरांचं प्रदर्शन असेल. मग बंकट आला आणि ओरडलाच, "अरे, ही तर माझी भुरी! तिची दोरी धरून हा कोण उभा हाय बे?"

तिथून जो तो आपापलं जनावर ओळखू लागला. कोणी कानाची खाच ओळखली, कोणी पाठीवरचा डाग. छबुबाई काठी टेकत पुढे आली. "मला लिवाया-वाचाया येत न्हाई, पर बैल वळखाया येतो," म्हणाली. "हा बैल दोनदा जेवला, आन माझे एकदा बी न्हाई."

बारा वाजता सुंदररावांची जीप आली. ते खाली उतरले नाहीत, काच खाली करून म्हणाले, "शिवकन्या, हे फोटो संस्थेच्या मालकीचे आहेत. उतरव."

"संस्थेचे फोटू संस्थेला दिलेत, चेअरमनसाहेब. हे बी तेच हायेत. मी फक्त शेजारी शेजारी लावलेत."

"उद्यापासून ह्या तालुक्यात तुला लग्नाचे फोटो काढायला कोण बोलावतं ते बघतो."

"बघा. पण ज्याची गाय हाय त्याला आज बघू द्या."

जीपमधला एकजण उतरून नाडीला हात घालायला गेला. बंकट आडवा झाला, त्याच्यामागे भाजी विकणाऱ्या चार बाया टोपल्या सोडून येऊन उभ्या राहिल्या. नाडी तुटली नाही. जीप गेली.

तीन दिवसांनी तहसीलचे लोक आले, मोजणी झाली, पंचनामा झाला. खोटी नावं कमी झाली आणि फाटकाबाहेरची जनावरं आत गेली. छबुबाईचे दोन्ही बैल वाचले. सुंदररावांचं काही बिघडलं नाही. सगळा दोष रामकिसनवर घालून त्याला काढलं.

शिवकन्याने तहसीलमध्ये लेखी दिलं, की रामकिसन हुकमाचा ताबेदार होता. त्या कागदाचा उपयोग झाला नाही. त्या वर्षी तिची ठरलेली अकरा लग्नं गेली आणि त्रिंबकचे गणवेशही गेले. ती दोघं शेजारच्या केज तालुक्यात जाऊन कामं धरू लागली. भिवराबाई महिनाभर सुनेशी बोलली नाही. पण छबुबाई बैल घेऊन दारावरून जाताना थांबली, तेव्हा तिला चहा भिवराबाईनेच पाजला.

दिवाळीनंतर शिवकन्या नेहमीसारखी टोळीवर गेली. त्या वर्षी गीताही सुट्टीत बरोबर होती. टोळीत रामकिसन होता, हातात कोयता, मान फडाकडे. तिने त्याच्या बायकोचे, लेकरांचे फोटो काढले. त्याच्याकडे वळली तसा तो म्हणाला, "माझा काढू नको." तिने काढला नाही. संध्याकाळी त्याच्या बायकोने तिला भाकरी वाढली, आणि तो चुलीच्या पलीकडे बसून जेवला. त्यांची बोलचाल पुढे सुरू झाली ती गरजेपुरतीच. शिवकन्या म्हणे, त्याचं बरोबर हाय, पर माझं बी चुकलं न्हाई.

दोन वर्षांनी तिने एक म्हैस घेतली. गावाला वाटलं, फोटोंचा नाद संपला. ती रोज पहाटे संस्थेत दूध घालू लागली आणि नियमात बसताच सभासद झाली. सर्वसाधारण सभेच्या दिवशी ती गळ्यात कॅमेरा अडकवून हजर झाली, तेव्हा दारातल्या माणसाने अडवलं. "आत फोटू काढायला मनाई हाय."

"मग काढणार न्हाई," शिवकन्या म्हणाली. "मी सभासद हाय."

ती पहिल्या रांगेत बसली. अहवालवाचन संपलं; त्यात दोन हजार तेराच्या छावणीचा रखडलेला हिशोबही एका दमात उरकला होता. सुंदररावांनी सवयीने विचारलं, "सर्वांना मंजूर?" सभा सवयीने हात वर करणार, इतक्यात ती उभी राहिली.

"मंजूर न्हाई," ती म्हणाली. "छावणीचं पान पुन्हा वाचा. सावकाश वाचा."

मागे खुर्ची सरकली. बंकट उभा राहिला होता. त्याच्या पलीकडे आणखी दोघं उठत होते.