सिंधूच्या गिरणीतला दुसरा भाग

सई, फोन जरा कानाशी धर आणि ऐक. पुस्तक घेऊन गेलीस, वाचून संपवलंस, मग आजीची आठवण झाली, तीही 'दुसरा भाग पाठव' म्हणायला. आजीचे गुडघे कसे आहेत ते विचारायचं राहूनच गेलं. असू दे. पण बाई, त्या पुस्तकाचा दुसरा भाग छापलेला आम्ही कुणीच पाहिला नाही. तो सिंधूच्या गिरणीत तयार झाला. तो सांगायचा तर आधी सिंधू सांगावी लागेल, आणि तू तर तिला नीट कधी पाहिलंच नाहीस.

आपल्या भिंतीला लागून तिची पिठाची गिरणी. नवऱ्यामागं तिनंच चालवली. भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या कायम पांढऱ्या. एकदा न्हाऊन-धुऊन लग्नाला आली, तर मी पाहुणी समजून तिला पाणी विचारलं. घडीघडी चालू-बंद केली की मोटार जळते, म्हणून ओळीनं सगळे डबे लागल्याशिवाय ती बटण दाबायची नाही. एखादी घाई करायला लागली की म्हणायची, "एक डबा कमी हाय. पट्टा फिरत न्हाई." चहाला बोलावलं आणि घरातलं एक माणूस बाहेर असलं, तरी तेच म्हणायची आणि उंबऱ्यात बसून राहायची.

शाळेतल्या एका बाईंची गेवराईकडं बदली झाली, तेव्हा त्या शेवटचं दळण न्यायला आल्या आणि ते पुस्तक ठेवून गेल्या. संध्याकाळी दळणाच्या ऐन वेळी लाईट जायची. नववीतल्या पोरी डब्यांवर बसायच्या आणि सिंधू बोट ठेवत ठेवत वाचायची. मी दारात तूर निवडत असायची. मी वाचायला शिकले ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि पुड्यांच्या कागदांवरून, त्यामुळं पुस्तकातल्या त्या ताऱ्यावर राहणाऱ्या बाया मला नव्याच होत्या. तुला ठाऊकच आहे, त्या बायांच्या तळहातांत वीज. राजा ती ओढून घेऊन महाल उजळायचा. झिनी नावाची पोर साऱ्याजणींना मुठी मिटून धरायला लावते, महाल अंधारतो, वेशी उघडतात. तिथं पुस्तक संपतं.

पुढचं काय, म्हणून पोरींनी जीव खाल्ला. बीडच्या दुकानांत विचारून झालं. शेवटी सिंधू म्हणाली, "न्हाई मिळत तर ऱ्हाऊ द्या. हितंच दळू."

तिनं दळलेला भाग असा. राजा पळाला. झिनीबरोबर लढलेले बाप्ये राजाच्या सभेत जाऊन बसले आणि बायांना म्हणाले, लई चांगलं काम केलं, आता घरी जा. पोरींना झिनी राणी व्हायला हवी होती. सिंधू म्हणाली, "राणी झाली की तिला वारा घालायला आणिक एक पोर लागंल." तिची झिनी राणी झाली नाही, सभेच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

त्याच सुमाराला अश्विनी यायची थांबली. सिंधूच्या भावकीतल्या आसारामची थोरली ती, वर्गात हुशार. आपल्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या पोराला मुकादम अर्धा कोयता म्हणतो. पलीकडच्या गावातल्या अशाच एका अर्ध्याचा पुरा करायला अश्विनीचं लग्न ठरलं होतं, तेही टोळ्या ऊसतोडीला निघायच्या आत, म्हणजे दिवाळीआधी.

लाईट गेली. पोरी बसल्या. सिंधूनं ओळ पाहिली आणि म्हणाली, "एक डबा कमी हाय." दुसऱ्या दिवशीही तेच. पोरी चिडल्या, झिनीला आत तर जाऊ दे म्हणाल्या. सिंधू म्हणाली, "ती एकटी आत जात न्हाई. समद्या आल्या की जाईल."

मग पोरींनी आपापले डबे उचलले आणि आसारामच्या अंगणात नेऊन पालथे घातले. त्यावर बसून राहिल्या. भांडण नाही, बोलणं नाही. रोज शाळा सुटली की तिथंच. सोयरिकीची माणसं आली, तीही त्यांना वळसा घालून घरात गेली.

आसाराम गिरणीवर आला. तूर निवडता निवडता मी सगळं ऐकलं.

"वहिनी, माज्या घरात तुमची गोष्ट कावून आणता?"

"मी कुठं आणली भावजी? त्या गोष्टीसाठी बसल्यात. तिला धाडा, उठतील."

"आज धाडली तर रोज धाडावी लागंल."

"मंग रोज धाडा."

त्यानं भावकीत सांगून तिच्या गिरणीवरचं दळण बंद केलं. बायांनी वाद घातला नाही. तुम्हीच दळून आणा म्हणाल्या. बाप्ये मोटारसायकलवर पोतं आडवं टाकून मांजरसुंब्याला जायला लागले. दोन-चार फेऱ्यांत त्यांचा राग उतरला. तोवर अंगणातल्या पोरींपायी लग्नाची तारीख ठरेना, म्हणून पोराकडचेही खोळंबून कंटाळले होते. लग्न मोडलं आणि अश्विनी डबा घेऊन आली. त्या संध्याकाळी झिनी साऱ्यांना घेऊन सभेत शिरली. बसायला जागा पुरेना, तेव्हा बाप्यांना सरकावं लागलं. पोरी हसून हसून डब्यांवरून घसरल्या.

पण त्या पोराला दिवाळीआधी दुसरी मिळालीच. ती कुणाची, कितवीतली, ते आम्ही कुणी विचारलं नाही. सिंधूच्या कानावर आलं तेव्हा ती जात्यातलं पीठ झाडत होती. झाडणं थांबलं नाही. संध्याकाळी तिनं झिनीला सभेतून उठवून परत रस्त्यावर आणलं. पोरी कुरकुरल्या. ती म्हणाली, "तो डबा दुसऱ्या गावात कमी झाला. ती बघाया गेली."

त्यानंतर गोष्ट रस्त्यावरच राहिली. सिंधूला खोकला जुनाच होता. डॉक्टरांनी पिठापासून लांब राहायला सांगितलं, तर तिनं नाकाला फडकं बांधलं आणि गोष्ट सांगायच्या वेळी तेवढं सोडलं. मागच्या थंडीत गेली. गिरणी आता तिची सून चालवते. अश्विनी बीडला कॉलेजात आहे, सुट्टीला आली की गिरणीत येते.

परवा लाईट गेली, पोरी बसल्या आणि त्यांनी मला सांगायला बसवलं. मी झिनीला त्या दुसऱ्या पोरीच्या घरापर्यंत नेलं. दार वाजवलं. पुढं माझं डोकं चालेना. अश्विनी म्हणाली, "आज्जी, तुमची झिनी सारखी भाकरीचंच बोलती." खरं आहे ते.

तर सई, लवकर ये. पुण्याहून येताना काही आणू नकोस, एक रिकामा डबा तेवढा आण, बसायला. तू येईस्तोवर मी झिनीला त्या दारापाशीच उभी ठेवते.