मोठा तेवढा कापला

माझ्या कोंबड्या वर्षागणिक बारीक होत गेल्या आणि शेजारच्या वयनीच्या जाड. वयनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. दोन घरांच्या मधे करवंदीचं कुंपण. मी तेव्हा चौक गावाला हायवेवर टायर काढायचं-घालायचं काम करायचो. शाळेत गेलो नाय, म्हणून डोकं रिकामंच होतं. ते सगळं हेव्यानं भरून काढलं.

सकाळी राखुंडीनं दात घासत कुंपणाशी उभा राहायचो. दात माझे, नजर तिच्या कोंबड्यांवर. तिचा तांबडा कोंबडा अंगणात असा चालायचा, जसा सरपंचच निवडून आलाय. माझ्यात काळे होते, कवडे होते, एक उघड्या मानेचा होता. रंग सगळे, पण अंगानं मुठीएवढे. हात पुढं केला की भुर्रकन फणसावर.

मला वाटलं, बाई काय तरी चारते. बायकोला बघायला लावलं. ती म्हणाली, कोंडा आणि कण्या, आपल्यासारखंच. मी म्हटलं, तुला बघता येत नाय, आणि स्वतः करवंदीत जाऊन बसलो. पाठीत काटे भरले आणि कोंडा-कण्याच दिसल्या. वर वयनीनं विचारलं, भावजी, काय हरवलं काय?

मग लाज सोडून अंडी मागितली. माझी कोंबडी खुडूक होऊन उबवायला बसली होती, तिचीपण बसली होती. तिनं हसत हसत तिची अंडी माझ्या कोंबडीखाली दिली, माझी तिच्याखाली घेतली. पिल्लं झाली, वाढली. तिच्या अंड्यांतली माझ्याकडं भोपळ्यासारखी फुगली. माझ्या अंड्यांतली तिच्याकडं तेच खाऊन बारकीच राहिली आणि तिच्या कौलांवर जाऊन बसली. रोज संध्याकाळी ती हाक मारायची, भावजी, तुमची पोरं उतरवा. म्हणजे चाऱ्यात काय नव्हतं. जे होतं ते अंड्यातच होतं.

मग माझ्या अंड्यांचं कुठं बिघडलं, ते तिनं तांदूळ निवडता निवडता सांगितलं.

"पावणा आला की कुठला कापता, भावजी?"

"मोठा. पावण्याला दिसायला नको? आणि मोठा पळत नाय, लगेच गावतो."

"मग मागं राहतो कोण?"

मी फणसाकडं बघितलं. मागं राहिलेले सगळे वर बसले होते.

"भाताच्या बियाला चांगल्या लोंब्या ठेवता ना? मग हितं कसं कळत नाय? मी बारके खाते, मोठा राखते. आता तुमच्याकडं हा माझ्या अंड्यांतला तांबडा झालाय, त्याला बियाला ठेवा."

ठेवला. त्याच्याबरोबर वयनीच्या अंड्यांतल्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, पण होत्या. मी उगाच त्या कोंबड्याला काखेत धरून वयनीच्या दारावरून जायचो. वर्षभरात माझं अंगण तिच्यासारखं होणार, आणि आता वयनीच कुंपणाशी उभी राहून बघणार, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

मग एका रविवारी ओळखीचे दोन ड्रायव्हर जेवायला आणले. बायकोला सांगून ठेवलं होतं, बारका धर. ती पोरांना घेऊन फणसाखाली काठ्या घेऊन उभी. तेवढ्यात एक ड्रायव्हर कुंपणापलीकडं बघून म्हणाला, तो कोंबडा काय जबर हाय.

माझ्या पोटात जळलं. मी म्हटलं, आमचा त्याच्याहून भारी हाय.

तो म्हणाला, "दिसायला काय, ताटात कळंल."

एवढं बास झालं. बायको नको नको म्हणत होती. तांबडा पळाला नाय, काखेत यायची त्याला सवयच होती.

जेवताना ड्रायव्हरांनी बोटं चाटली. संध्याकाळी वयनी मिरच्या मागायला आली. मी आपणहून सांगितलं, बारका कापला. तिनं दाराशी पडलेली तांबडी लांब पिसं बघितली, मिरच्या घेतल्या आणि गेली.

सकाळी फणसावरनं उघड्या मानेचा उतरला. आता अंगणात कोंबडा म्हणून तोच. पंख झाडले, वयनीच्या अंड्यांतल्या सगळ्या जाडजूड तलंगा गोळा केल्या आणि ऐटीत पुढं निघाला. मी राखुंडी तोंडात धरून बघत राहिलो. खरं सांगतो, मला त्याचाही हेवा वाटला. कुणी काय पण म्हणू दे, काल काठ्या दाखवल्या तरी तो झाडावरनं खाली आला नव्हता.