तुळशीच्या भातात चवळी

बूनलोम मावशीच्या खानावळीत मेन्यूकार्ड नव्हतं. गिऱ्हाईक आधी तिच्या तोंडाकडे बघायचं. तोंड बरं दिसलं तर मागाल ते मिळायचं, नाही तर ती देईल ते. थोनबुरीच्या बाजूला, कालव्याला चिकटून आमची गल्ली. गल्लीच्या तोंडाशी भाड्यानं माणसं नेणाऱ्या मोटारसायकलवाल्यांचा नाका, आणि नाक्यासमोर तिची चार टेबलं. वर पत्रा, खाली एक शेगडी, एक कढई, बर्फाची पेटी. एवढ्यावर तिनं एकतीस वर्षं आख्खी गल्ली जेवू घातली आणि एकतीस वर्षं आख्ख्या गल्लीला शिव्या घातल्या.

मी रम्फा. त्याच नाक्यावर नारिंगी जाकीट घालून सवाऱ्या मारते आणि गल्लीतल्या भाडेकरूंची संघटना चालवते. शाळा चौथीपर्यंत झाली, बाकी सगळं घर खाली करायच्या नोटिसा वाचून शिकले. मावशीबद्दल लिहायचा हक्क माझा आहे, कारण तिच्या शिव्या सगळ्यात जास्त मी खाल्ल्यात.

तिची ख्याती एकाच पदार्थाची. डुकराचा खिमा, लसूण, मिरची, आणि शेवटच्या क्षणी मूठभर तुळस. वर कडा कुरकुरीत झालेलं अंडं, खाली भात. तुळस कढईत पडली की नाक्यावरचे आम्ही सगळे शिंकायचो आणि शिंकत शिंकत रांगेत उभे राहायचो.

एकदा एका नव्या पोरानं विचारलं, “मावशी, साखर आहे का हो?”

कुठल्याही खानावळीत टेबलावर चार बरण्या असतात. मिरचीपूड, शिरका, माशांचा खारट रस आणि साखर. हिच्याकडे तीनच असायच्या.

“साखर? जेवायला आलायस की बारशाला?”

“नाही, म्हणजे दुसरीकडे देतात. चवळीच्या शेंगाही घालतात यात.”

“खिमा कमी पडला की घालतात चवळी. माझ्याकडे कमी पडतो का? बघ. डोळे आहेत ना, बघ की! आणि आवडत नसेल तर तो रस्ता, तो पूल, पलीकडे तुझं दुसरीकडे.”

पोरगं गप जेवलं. दुसऱ्या दिवशी परत आलं. आमची सगळ्यांची तीच तऱ्हा.

नऊ वर्षांपूर्वी आमची घरं पाडायला यंत्रं आली, तेव्हा हिनं शेगडी, कढई, गॅसची टाकी सगळं उचलून रस्त्याच्या मधोमध मांडलं. यंत्राच्या दातांपासून दोन हातांवर बसून दिवसभर तुळस परतली. पाडायला आलेल्यांनाही जेवायला घातलं, आणि वाढताना म्हणाली, “खा, मुडद्यांनो, आणि मग सांगा कुठून सुरुवात करता.” त्या दिवशी एकही भिंत पडली नाही. गल्ली आज उभी आहे ती त्या कढईवर. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

या वर्षी फेब्रुवारीच्या दोन तारखेला, म्हणजे लॉटरीच्या सोडतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सुचिन मास्तर पहिल्या टेबलावर बसले होते. निवृत्त मास्तर, गणित शिकवायचे. आता लॉटरीचे आकडे काढतात. झाडाच्या सालीवर, गाडीच्या नंबरात, कुणाच्या स्वप्नात, सगळीकडे त्यांना आकडे दिसतात आणि ते वहीत उतरवून घेतात.

“मावशी, अंडं करपतंय,” मास्तर म्हणाले. मग परत म्हणाले. तिसऱ्यांदा ओरडले, तेव्हा ती झारा हातात घेऊनच खाली कोसळली. पुढे महिनाभर मास्तर ही हकीकत सांगायचे आणि शेवटी हळहळायचे, “अंडं पार कोळसा झालं हो.”

अर्धांगवायू होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेरा दिवसांनी दवाखान्यातून सोडलं तेव्हा उजव्या हाताची बोटं आपोआप थरथरायची, बाकी त्या हातात जीव नव्हता. तिथं व्यायाम करून घेणारी विशीतली पोरगी होती. ती मला म्हणाली, “ताई, सहा महिने. त्यात जे परत येईल ते तुमचं, पुढं फारसं येत नाही. आठवड्यातून तीनदा आणा. या बाई परत कढई धरू शकतील, पण बसवून ठेवू नका.”

सहा महिने म्हणजे बारा सोडती. महिन्याची एक तारीख आणि सोळा तारीख. आमच्या गल्लीत काळ असाच मोजतात.

मी तिला माझ्या पाठीशी रेघांच्या पंच्यानं घट्ट बांधायची आणि मोटारसायकलवरून न्यायची. तिची लाळ माझ्या जाकिटावर गळायची. खड्डा आला की ती डाव्या हातानं माझ्या कमरेला करकचून चिमटा काढायची. शिवी देता येत नव्हती ना!

तिच्या बहिणीचा मुलगा थाविन. लहानपणी आई गेली, हिनंच वाढवला. तो आता कढईवर उभा राहिला. पहिल्याच दिवशी त्यानं खिम्यात चवळीच्या शेंगा घातल्या, वर चमचाभर साखर. मावशी पहिल्या टेबलाशी खुर्चीत बसलेली. तिच्या नाकपुड्या फुगल्या, डावी मूठ टेबलावर आपटली.

“काय गं मावशी, भूक लागली?” थाविन म्हणाला.

फेब्रुवारीच्या शेवटाला ऊन तापलं. थाविनच्या बायकोनं तिच्या मानेला घामोळ्यांची पावडर चोपडली, थोडी टेबलावर सांडली. त्या पावडरीत उजव्या हाताची बोटं थरथरत फिरली. मास्तरांनी चष्मा वर केला.

“थांबा! पुसू नका! हा चार... आणि हा सात.”

एक मार्चला शेवटचे दोन आकडे निघाले सत्तेचाळीस. गल्लीतल्या अकरा जणांना लागलं, तिकिटाला दोन हजार बाट. खोटं कशाला बोलू, त्या अकरांत मीही होते. त्या पैशात मी मोटारसायकलचं मागचं टायर घेतलं आणि त्याच टायरवरून तिला दवाखान्यात नेलं. तेव्हा मला त्यात काही वाईट दिसलं नाही.

पुढच्या सोडतीला कालव्यापलीकडचे लोकही आले. थाविननं नियम केला, बसायचं तर ताट मागवायचं. चवळीचा खिमा सपासप विकला जायला लागला. लोक एक घास खायचे, तोंड वाकडं करायचे आणि डोळे मावशीच्या बोटांवर. तिच्या गळ्यात झेंडूच्या माळा पडल्या. मग एके सकाळी बघते तर तिच्यापुढं लाल सरबताच्या बाटल्या, प्रत्येकीत नळी खोचलेली. जागेच्या देवाला आम्ही ठेवतो तशाच, ओळीनं. तिला पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागायचं. ती त्या बाटल्यांकडे दिवसभर बघत बसायची.

“अरे, जिवंत आहे ती!” मी थाविनला म्हणाले.

“लोक श्रद्धेनं ठेवतात, ताई. तुम्हाला काय त्रास?”

एप्रिलमध्ये नव्या वर्षाला रीतीप्रमाणे सगळे तिच्या हातांवर सुगंधी पाणी ओतायला आले. मोठ्यांचा आशीर्वाद घेतात तसा. पाणी ओतून झालं की वाकून जमिनीवरचे थेंब मोजायचे.

आकडे लागायचे का? कधी जवळपास यायचे, बहुतेकदा नाहीच. पण आकडा चुकला तर वाचणारा चुकला, असा हिशेब ठरला होता. एकदा ब्याण्णव वाचला आणि निघाला एकोणतीस, तेव्हा मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. “आपण समोरून वाचत होतो! मावशीच्या बाजूनं वाचायला हवं होतं!” तेव्हापासून लोक तिच्या खुर्चीच्या मागे उभे राहायला लागले. श्वास मानेवर.

इकडे दोन महिन्यांच्या व्यायामानं थरथर कमी व्हायला लागली. तिनं अंगठा आणि बोट जुळवून माझं जाकीट धरलं, पहिल्यांदा. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून रडले. आणि मेच्या पहिल्या सोडतीला पावडरीत नुसतीच एक रेघ उठली.

गल्ली माझ्यावर उखडली.

“बघा, पुढारीणबाईंनी हात बरा करून ठेवला!”

“आमचं नशीब पाठीला बांधून हिंडवते ही.”

थाविननं मला तिला हात लावू दिला नाही. “नातेवाईक मी आहे,” म्हणाला. मी सरकारी कचेरीत गेले, तिथंही तेच ऐकलं, घरच्यांनी सांगायला हवं. तेव्हा मी सभा बोलावली. माझ्या संघटनेची, माझ्या माणसांची. त्रेपन्न जण आले. मी उभी राहिले आणि म्हणाले, “तिच्याकडे तीन महिने उरलेत. तिला दवाखान्यात न्यायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.”

चार हात वर झाले. एक माझा. एक बहिऱ्या आजोबांचा, त्यांना वाटलं नळाच्या पाण्याचं चाललंय.

सुचिन मास्तर उठले. पोरांना समजवावं तसे बोलले, “रम्फा, तू भावनेच्या भरात बोलतेस. हात थरथरतो म्हणून आकडे उमटतात. थरथर गेली की उरलं काय? एक म्हातारी. आज तिच्यामुळं चार घरांत आशा आहे. ती बसल्या जागी पुण्य कमावतेय, बाई. तू ते हिरावून घेणार?”

“मास्तर, तुमचं घर कुणामुळं उभं आहे?”

“त्याचंच म्हणतोय मी. तिनं तेव्हाही दिलं, आताही देतेय. काही माणसं द्यायलाच जन्मतात.”

मी त्यांना जे म्हणाले ते इथं लिहीत नाही. सभा तिथंच मोडली. त्या लोकांसाठी मी दोनदा कोठडीत बसले होते.

त्यानंतर मी तिला तीनदा पळवून नेलं. तिसऱ्यांदा थाविननं नाक्यावरच्या पोरांना हाताशी धरून माझी गाडी अडवली. जी पोरं माझ्या शेजारी उन्हात बसून कलिंगड खायची तीच. त्यांनी पंचा सोडला आणि मावशीला गोणीसारखी उतरवून घेतली. पुढं खुर्चीला कुलूप आलं, सायकलला लावतात तसलं. “पडू नये म्हणून,” थाविनची बायको म्हणाली.

मी रोज नाक्यावरून बघायची. व्यायाम थांबला, थरथर परत आली. आकडेही परत आले. गल्लीला आनंद झाला.

एकतीस जुलै. बाराव्या सोडतीच्या आदल्या दिवशी दुपारी चारही टेबलं भरलेली, बाहेर स्टुलं मांडलेली. थाविननं पावडर पसरली आणि मावशीचा उजवा हात उचलून तीत ठेवला. बोटं हलायला लागली. तेवढ्यात मावशीनं डावा हात उचलला आणि उजव्याचं मनगट टेबलावर दाबून धरलं. सगळं बळ एकवटून. हात थांबला.

खिम्यावर माशा बसल्या.

“मावशी, असं काय करतेस?” थाविन लाडानं म्हणाला. “लोक ताटं मागवून बसलेत.” आणि तिची बोटं एकेक करून सोडवायला लागला. ज्या बोटांनी तिनं त्याला भरवलं तीच. ती सुटत नव्हती तेव्हा आणखी दोघे पुढं झाले. मी गर्दीत घुसले, पावडरीचा डबा थाविनच्या तोंडावर मारला. मला चौघांनी धरून बाहेर काढलं. मागून मास्तरांचा आवाज आला, “धरा, धरा, डावा हात धरून ठेवा. हं, आता येतंय. आठ... परत आठ.”

गल्लीनं अठ्ठ्याऐंशीवर होतं नव्हतं ते लावलं. एक ऑगस्टला निघाले तीन आणि शून्य.

दोन तारखेला कालव्यापलीकडे एका केळीला बुंध्याच्या मधूनच केळफूल फुटलं. सकाळीच सगळी गल्ली आकडे शोधायला तिकडे. जाताना लाल बाटल्याही उचलून नेल्या, अर्ध्या उरलेल्यासुद्धा. थाविननं कुलूप काढलं आणि खुर्ची मागे, गॅसच्या टाक्यांजवळ सरकवली. मला म्हणाला, “न्यायचंय ना ताई दवाखान्यात? न्या की. कोण अडवतंय?”

मी नेलं. व्यायामाच्या पोरीनं तिचा हात हातात घेतला. आता तो थरथरत नव्हता. मूठ वळून दगड झाली होती. पोरीनं ती उघडून बघायचा प्रयत्न केला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “एवढे दिवस कुठं होता तुम्ही?”

मी पंचा उचलला आणि मावशीला परत पाठीशी बांधलं.

परत आलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मी मावशीला पहिल्या टेबलाशी बसवलं. खानावळीत आम्ही दोघीच. थाविननं तिच्यापुढं ताट आपटलं. खिमा, भात, वर लिबलिबीत अंडं, आणि खिम्यात चवळीच चवळी. मावशीनं डाव्या हातानं एक तुकडा वेचला, टेबलाच्या कडेला ठेवला. मग दुसरा. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर जुना भाव होता, साखर मागणाऱ्या पोराकडे बघायची तो. ती एकेक शेंग ओळीनं मांडत गेली, घाई नाही काही नाही, आणि मला मनातून बरं वाटत होतं.

“किती आहेत गं त्या?”

दारात सुचिन मास्तर. केळीकडून परत आले होते. काखेत वही.

“बारा? का तेरा? हलवू नकोस, मावशी. तुझ्याच बाजूनं मोजतो.”

मावशीनं त्यांच्याकडे बघितलं. मग ओळीतली पहिली शेंग उचलली आणि तोंडात घातली. एकतीस वर्षांत जिनं खिम्याला चवळी शिवू दिली नाही, ती चावायला लागली. अर्ध्या तोंडानं, लाळ गाळत, हळू. घास अडकला, डोळ्यांत पाणी आलं. मी पाण्याचा चमचा पुढं केला तर तिनं तो ढकलला. दुसरी खाल्ली. तिसरी. मास्तर ओठ हलवत मोजत होते, पण तेवढ्यात पुढची जायची. शेवटची गिळायला तिला फार वेळ लागला. मग तिनं डाव्या तळव्यानं टेबल पुसून काढलं, कोरडं होईपर्यंत.

मास्तरांनी वाकून ते रिकामं टेबल बघितलं. मग त्यांनी वही उघडली आणि शून्य लिहिलं.