आईची गोळी आणि संकष्टी

माझं काम सांगायला लागले की समोरचा जांभई देतो. लोअर परळच्या ऑफिसात बसून मी एआयसाठी सूचना लिहिते. फोनवर बोलणाऱ्या एआयच्या हाताशी काही टूल्स असतात. एक फोनची वेळ बदलतं, एक फोन कायमचे बंद करतं. कुठलं कधी वापरायचं, हे त्याला टूलखाली लिहिलेल्या दोन-चार ओळींवरून कळतं. आमचे साहेब म्हणतात, "थोडक्यात लिहा हो, त्याला सगळं कळतं." कळतं कसलं, कपाळ! लिहिलंय तेवढंच कळतं.

आमचा एआय म्हाताऱ्या माणसांना औषधाची आठवण करून देतो. माझी आई लालबागच्या चाळीत एकटी राहते, मी लग्न होऊन शीवला. तिच्या हृदयाची झडप बदलली तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी तिला रोज संध्याकाळी लागते. चुकली तर गुठळी होऊ शकते, जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणून मीच तिला हे फोन सुरू करून दिले. बाईच्या आवाजात फोन यायचा. आई त्या आवाजाला चेडू म्हणायची, आमच्या मालवणीत मुलगी. जेवलीस का, घरी कोण असतं, सगळं विचारायची. मी हसायचे आणि निर्धास्त असायचे.

एका रविवारी तिच्याकडे गेले. पाणी घ्यायला ओट्याशी वळले तर गोळ्यांचं पाकीट जवळजवळ भरलेलं.

"आई, गोळ्या का नाही घेतल्यास?"

"त्या चेडवाचो फोनच येवक नाय गो. गावाक गेला असात. फोन इलो की घेतंय."

मी ओरडलेच तिच्यावर. मग तिला टॅक्सीत घालून डॉक्टरांकडे निघाले. वाटेत विचारलं, शेवटचा फोन आला तेव्हा तू काय म्हणालीस?

"काय म्हणतलंय? संकष्टी होती. म्हटलं, आज नको गो बाय."

आई संकष्टीला चंद्रोदयाशिवाय तोंडात काही घालत नाही. समोर टॉवर झाल्यापासून चंद्र दिसत नाही, तर कॅलेंडरातली वेळ बघून मोदकाचा नैवेद्य दाखवते आणि मगच जेवते. तिच्या 'आज नको'चा अर्थ एवढाच. पण फोन कायमचे बंद करायच्या टूलखाली काय लिहिलंय ते मला पाठ होतं. 'रुग्ण नको म्हणाल्यास वापरा.' एआयने तेच केलं होतं. वाक्य माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेलं, माझ्या सुधारायच्या यादीत त्याची पाळी अजून आली नव्हती. टॅक्सी परळच्या सिग्नलला थांबली होती. समोर चाळींच्या खिडक्या दिसत होत्या, आणि मला वाटलं, देवा, यातल्या कितीजणी आज नको म्हणाल्या असतील!

डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "नशीब समजा." आईला काही झालं नव्हतं. माझी मात्र झोप उडाली.

सोमवारी जाऊन मी आईचे फोन पुन्हा सुरू केले आणि ते टूल हातात घेतलं. लिहिलं: 'उपास, पाहुणे, जेवायला उशीर अशा कारणाने फक्त आज नको असेल तर हे वापरू नका, वेळ बदला. यापुढे कधीच नको असं रुग्णाने स्पष्ट सांगितलं तरच वापरा. शंका असेल तर पुन्हा विचारा. तरीही कळलं नाही तर घरच्या माणसाला फोन करा.'

"एवढं मोठं?" साहेब म्हणाले.

"हो, एवढं मोठं!" मी म्हणाले.

पुढच्या संकष्टीला ऑफिसातून लवकर निघून थेट आईकडे गेले. फोन आला. आईने स्पीकर लावला.

"आज नको गो बाय, संकष्टी आसा."

"आजी, फक्त आज नको, की यापुढे कधीच नको?"

माझाच प्रश्न! मी श्वास सोडला. पण आईला कुणाचं मन मोडवत नाही. ती विचारात पडली, आणि अगदी मायेने म्हणाली, "तुका बरा वाटात तसा कर."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. असं कुणी म्हणालं तर काय करायचं, हे मी कुठे लिहिलं होतं? मी ओरडणार इतक्यात आवाज म्हणाला, "ठीक आहे आजी. मी तुमच्या मुलीला विचारते." फोन बंद झाला.

"बघ, किती शहाणा चेडू!" आई म्हणाली.

माझी शेवटची ओळ लागू पडली होती. मी हसले, आणि माझा फोन वाजायची वाट बघत बसले. आई मोदकांचं पीठ मळत होती. काहीच वाजेना. शेवटी उठून पर्स उघडली. फोन येऊन गेला होता. ऑफिसात शिरताना मी फोनचा आवाज बंद करते, रोज, घरी पोचेपर्यंत. आईच्या गोळीची वेळ त्याआधीच होऊन जाते.