निशिगंधाखालचं ताट

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर आईचा निशिगंध असे. तुपाच्या रिकाम्या डब्यात लावलेला. पाणी साचलं की कंद कुजतो, म्हणून बुडाला खिळ्याने भोकं पाडलेली, आणि खाली पोचे आलेलं एक जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं ताट. रोज संध्याकाळी त्याला तांदळाचं धुवण घालायचं काम माझं. मी नऊ वर्षांची होते आणि मुळातच भित्री. झुरळ दिसलं तरी पाटावर चढून बसायची. हे काम मात्र मला आवडायचं.

संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरगाव पेटलं होतं. बाबा सरकारी कचेरीत कारकून. एके दिवशी मोर्च्याला जाणार नाही असा आईला शब्द देऊन गेले, आणि दुपारी डोकं फुटून परत आले. लाठी बसली होती. पोलिसांना कळलं असतं तर तुरुंग, आणि नोकरी तर गेलीच. जेवणाच्या ताटाला रक्त लागायला नको म्हणून आईने निशिगंधाखालचं ताट ओढून आणलं. जखम धुतली, टिंक्चर लावलं, बाबांना भिंतीकडे तोंड करून झोपवलं आणि कानापर्यंत गोधडी ओढली.

"कुणी विचारलं तर बाबांना ताप आहे," तिने मला बजावलं.

संध्याकाळी कर्फ्यू लागला. सगळी चाळ दारं लावून बसली. काहीतरी रोजचं केलं तर बरं वाटेल म्हणून मी धुवणाचं पातेलं उचललं आणि डब्यात ओतलं. ताट जागेवर नाही, हे लक्षातच आलं नाही.

खालून ओरडा आला. "कोन हाय रं वर?"

मी वाकून पाहिलं. खाली पोलीस उभा होता, आणि त्याच्या खांद्यावरून गढूळ पाणी ओघळत होतं.

लाकडी जिन्यावर बूट वाजू लागले. एकेक पायरी मी मोजत होते. माझ्यामुळे आता बाबांना नेणार, या एका विचाराने माझी पाचावर धारण बसली. आईने दार उघडलं.

"कुनी वतलं पानी?"

"पोरीने. झाडाला घालत होती, दादा. चुकलं तिचं," आई म्हणाली.

त्याने डब्याकडे पाहिलं. मग आत. "ह्ये कोन?"

"आमचे हे. ताप आहे त्यांना."

गोधडी जराही हलली नाही. टिंक्चरचा वास खोलीभर होता. मी त्याच्या नजरेबरोबर जमिनीकडे पाहिलं. ते ताट तसंच भिंतीशी पडलं होतं, लाल पाण्याने अर्धं भरलेलं. घाईत आई ते ओतायला विसरली होती.

त्याने ताटावरून नजर गोधडीकडे नेली. मग माझ्याकडे वळला.

"पोरी, त्ये ताट धू. आन् डब्याखाली ठिव."

एवढं बोलून तो जिना उतरला. आई दाराला टेकून खालीच बसली. मला ती रागावली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी ताट मोरीत नेऊन धुतलं, परत परत धुतलं.

आता माझ्या घरी निशिगंधाची चांगली मातीची कुंडी आहे, खाली बशीही आहे. तरी पाणी घालण्याआधी मी कठड्यावरून वाकते, आणि खाली कोणी उभं नाही ना, ते पाहून घेते.