झूमवर हरलेले दादकरीम चाचा

दादकरीम चाचांवर अन्याय झाला. मेलबर्नच्या दुसऱ्या लॉकडाऊनमधल्या पहिल्या रविवारी, भर दुपारी, झूमवर. आणि तो त्यांच्याच पक्षाने केला.

चाचा मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरात आमच्या शेजारी राहायचे. मूळचे बलुचिस्तानातल्या तुर्बतचे. तिकडे एका चिमुकल्या बलोच राष्ट्रवादी पक्षातर्फे जितक्या निवडणुका लढले, तितक्या हरले. पक्षाला लहान म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "छोटा नहीं है, टूट टूट के टुकड़ा रह गया है." एकदा तर रात्री जिंकले होते आणि सकाळी निकालात हरले. मी ऐकून भडकले, तर कुंपणापलीकडून म्हणाले, "बेटी, रातभर तो मैं असेंबली का मेंबर था. तू कभी थी?"

बलोच माणसं भेटली की आधी एकमेकांचा 'हाल' घेतात. घर, गाव, आजारपण, पाऊसपाणी, सगळं. सांगणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. मी परदेशी विद्यार्थ्यांच्या हक्कांची पत्रकं वाटत हिंडायचे. पहिल्याच भेटीत चाचांच्या हातात कागद कोंबला, तर म्हणाले, "काग़ज़ बाद में. पहले हाल दे." व्हिसापासून दाढदुखीपर्यंत सगळं सांगितल्यावरच सुटका झाली.

त्या रविवारी पक्षाची मेलबर्न शाखा अध्यक्ष निवडणार होती. चाचांना आयुष्यात एकदा तरी मोजणीत जिंकायचं होतं. समोर उभे होते डँडेनाँगचे इंजिनिअरसाहेब. मतं मोजायला मी, कारण "ये हिंदुस्तानी है, इसका हम में कोई मामा नहीं."

सभा सुरू झाली आणि चाचा एकेकाचा हाल विचारायला लागले.

"अजेंडा पे आइए. सबको म्यूट करो," इंजिनिअर कुरकुरले.

"जिसका हाल नहीं लिया, उससे वोट किस मुँह से माँगूँ?"

एकाच्या गावाकडच्या शेळीला जुळी झाली होती, तेही सविस्तर ऐकलं. शेवटी ट्रक चालवणाऱ्या बिजारची पाळी आली. तो म्हणाला, आई गेली. विमानं बंद, जाता येत नाही. पुढे बोलणार, एवढ्यात फुकटच्या झूमची वेळ संपली आणि सगळे गायब.

चाचा आणि बिजार सोडून सगळे परत जोडले गेले. चाचांनी बिजारला फोन लावला होता. हाल अर्धवट सोडत नाहीत.

"पार्टी के क़ायदे से जो हाज़िर, उसी का वोट," इंजिनिअर म्हणाले. मी भांडले, थांबा म्हटलं. "तू गिनने आयी है या लड़ने?" मोजलं. चाचा एका मताने हरले, आणि त्यांची दोन मतं तिकडे फोनवर बोलत होती.

मी कुंपणापाशी जाऊन म्हटलं, "चाचा, फेरमतदान मागा."

"वो अपनी माँ का बता रहा था. मैं क्या बोलता, ठहर, वोट दे के आता हूँ?" मग हसले. "और सुन, गिनती सच्ची थी. पहली बार सच्ची गिनती में हारा हूँ."

राज्यांच्या सीमा उघडल्यावर चाचा मुलाकडे पर्थला गेले. तिथे ते पक्षाचे एकमेव सभासद, त्यामुळे बिनविरोध अध्यक्ष झाले. मेसेज आला, "बस पार्टी में फूट न पड़ जाए."

हसलात ना? आता ऐका. आपल्या मराठी मंडळांच्या सभाही झूमवरच चालल्यात, आणि 'वेळेअभावी' सगळ्यांना म्यूट करणारा सचिव तुम्हालाही माहीत आहे. पुढच्या सभेत त्याला अडवा. मत देण्याआधी एका तरी माणसाला विचारा, कसा आहेस, आणि त्याचं सांगून होईपर्यंत कुठेही जाऊ नका.